प्रयोगापूर्वीची विचारपूस

कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यातील, विशेषतः सांगली जिल्ह्याच्या वाळवा, पलूस व मिरज या तालुक्यांतील, पुष्कळ जमिनी क्षारपड होऊन बसल्या आहेत, ही गोष्ट तेथील शेतकऱ्यांस नव्याने सांगावयास नको. ज्या रानात माणूस दिसेनासा होईल असे उसाचे फड उभे राहत, त्याच रानात आज पावसाळा संपून महिना लोटला तरी वाफसा येत नाही, आणि उन्हाळ्यात जमिनीवर पांढरे मीठ फुटलेले दिसते. अशा वेळी शेतकरी हातावर हात ठेवून बसत नाही. कोणी जिप्सम टाकतो, कोणी गंधक, कोणी कारखान्याचे प्रेसमड. कोणी धैंचा गाडून पाहतो. काही गावांत विस्तार कार्यकर्त्याच्या साह्याने रीतसर प्रयोग ठरतो आणि बांधावर फलक लागतो. फलक लावण्याच्या बाबतीत बहुतेक प्रयोग वेळेवर असतात. पुढे सोळा-अठरा महिन्यांनी आडसाली ऊस तुटतो, आणि निष्पन्न काय झाले असे विचारले असता उत्तर येते की, थोडा फरक पडल्यासारखा वाटतो.

एवढा खर्च, एवढे श्रम आणि दीड वर्षाचा काळ वेचून हाती यावयाचे ते इतकेच असेल, तर दोष जिप्समचा नव्हे आणि शेतकऱ्याचाही नव्हे. प्रयोग सुरू करण्यापूर्वी कोणती माहिती हवी याचा विचार झाला नाही, हा तो दोष आहे. संशोधन म्हणजे लागणीपासून तोडणीपर्यंतचे काम अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः त्याचा मोठा भाग लागणीपूर्वीच, बांधावर बसून, कागद-पेन्सिल हाती घेऊन उरकावयाचा असतो. या भागास पैसा जवळजवळ लागत नाही. बहुधा म्हणूनच त्यास किंमत दिली जात नाही.

या विचारपुशीतील पहिला प्रश्न 'जमिनीत काय आहे' हा नव्हे. 'उत्तर मिळाल्यावर काय करावयाचे आहे' हा पहिला प्रश्न होय. ज्याचे एकरभर रान बिघडले आहे त्याच्यापुढे मोजके मार्ग असतात. त्याने जिप्सम किंवा गंधक टाकावे; जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचऱ्याची सोय करावी; ऊस सोडून क्षार सोसणारे पीक घ्यावे; अथवा काही काळ रान गवताला सोडावे. यांपैकी पहिल्या मार्गास काही हजार रुपये लागतात, दुसऱ्यास पुष्कळच अधिक, आणि तिसऱ्या-चौथ्यात उत्पन्न सोडावे लागते. ज्या माहितीमुळे ही निवड बदलेल ती माहिती आधी मिळवली पाहिजे. जिच्यामुळे निवडीत काडीचाही फरक पडणार नाही, ती माहिती कितीही शास्त्रीय असली तरी तूर्त बाजूस ठेवण्यास हरकत नाही. हा निकष साधा आहे, परंतु तो लावला की माहितीची यादी निम्म्याने आखूड होते आणि जी उरते ती कामाची असते.

आता हा निकष लावून पाहू गेल्यास प्रथम कोणती गोष्ट समजून घ्यावी लागते? क्षारपड हा शब्द व्यवहारात सैलपणे वापरला जातो. त्याच्या पोटात निदान तीन निराळ्या जमिनी दडलेल्या आहेत. पहिली खारवट. तिच्यात विरघळणारे क्षार फार असतात, पृष्ठभागावर पांढरा थर येतो, पण पाणी मात्र बऱ्यापैकी मुरते. दुसरी चोपण. तिच्यात विरघळणारे क्षार तितके नसतात. परंतु मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो, त्यामुळे माती ओली असता लोण्यासारखी चिकट व वाळली असता दगडासारखी कठीण होते आणि वर साचलेले पाणी गढूळच राहते. तिसरी या दोहोंचे मिश्रण, खारवट-चोपण. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगावयाचे तर, संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटर याहून अधिक असेल तर जमीन खारवट मानतात. विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण शेकडा १५ हून अधिक आणि सामू ८.५ च्या वर असेल तर चोपण मानतात. भारी काळ्या जमिनीत तर सोडियमचे प्रमाण १५ पर्यंत पोचण्यापूर्वीच निचरा बिघडू लागतो.

जिप्सम करते काय, तर कणांना चिकटलेला सोडियम हटवून त्याच्या जागी कॅल्शियम बसवते. मोकळा झालेला सोडियम पाण्याबरोबर खाली व बाहेर वाहून गेला तरच जमीन सुधारते. म्हणजे नुसत्या खारवट जमिनीत जिप्समचे काम फारसे नाही. तेथे चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे व त्या पाण्यास वाट देणे हाच उपाय. चोपण जमिनीत जिप्समचे काम आहे, पण वाट नसेल तर तेही अर्धवट राहते. गंधकाची गोष्ट आणखी वेगळी. तो जमिनीतील जिवाणूंमुळे आम्ल होतो व ते आम्ल चुनखडीतील कॅल्शियम मोकळा करते. चुनखडीच नसेल तर गंधकाने ते काम होणार नाही. इतके समजल्यावर शेतकऱ्यास काय माहीत हवे हे आपोआप ठरते: जमीन या तिहींपैकी कोणती, तिच्यात चुनखडी आहे काय, आणि निचऱ्याच्या पाण्यास वाट आहे काय. या तिहींची उत्तरे नसताना टाकलेले जिप्सम हे खत नव्हे, औषध नव्हे आणि प्रयोग तर नव्हेच.

येथे कोणी म्हणेल की, मृद आरोग्य पत्रिका घरोघर आहे, तिच्यात सारे लिहिलेले असते. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेमुळे माती तपासून घ्यावी ही जाणीव वाढली, हे निर्विवाद होय. तथापि पत्रिका ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी तयार झाली तो प्रश्न खताच्या मात्रेचा आहे. तिच्यात बारा बाबी असतात: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन ही सूक्ष्म द्रव्ये. विनिमयक्षम सोडियम तिच्यात नाही. म्हणजे जमीन चोपण आहे किंवा कसे हे ठरविणारी मुख्य गोष्टच तिच्यावर छापलेली नसते. सामूवरून अंदाज तेवढा बांधता येतो. शिवाय वाहकतेचा आकडा बहुधा माती व पाणी ठरावीक प्रमाणात कालवून काढलेला असतो. संपृक्त अर्काच्या ४ या मर्यादेशी तो सरळ ताडून पाहणे चुकीचे आहे, कारण अधिक पाण्यात कालवलेल्या मातीचा आकडा कमीच येतो. 'वाहकता १.५ आहे, म्हणजे जमीन चांगली' असा निष्कर्ष त्यातूनच निघतो आणि शेतकरी निर्धास्त होतो. पत्रिकेत दोष नाही. एका प्रश्नासाठी जमवलेली माहिती दुसऱ्या प्रश्नाला लावली, यात दोष आहे. आकडा हाती आला की तो कोणत्या रीतीने काढला, हे विचारण्याची सवय कार्यकर्त्यांनी लावून घ्यावी.

नमुना कोठून व केव्हा घ्यावा, हेही प्रश्नावरच अवलंबून आहे. खताच्या मात्रेसाठी वरच्या वीसेक सेंटिमीटरची माती पुरते. क्षारांचा प्रश्न असेल तेथे निदान तीन फुटांपर्यंत, एकेका फुटाच्या थराचा वेगळा नमुना गिरमिटाने काढावा लागतो. कारण क्षार एके ठिकाणी बसून राहत नाहीत. उन्हाळ्यात ते पाण्याबरोबर वर चढतात व पावसाने खाली जातात. मे महिन्यातील वरची माती आणि ऑक्टोबरमधील वरची माती यांचे अहवाल शेजारी ठेवून 'जिप्समने क्षार कमी झाले' असे म्हणणे म्हणजे पावसाचे श्रेय पिशवीतल्या मालाला देणे होय. पहिला नमुना ज्या महिन्यात घेतला त्याच महिन्यात दुसरा घ्यावयाचा, हे पहिला घेतानाच ठरवून ठेवावे लागते. नंतर ते सुचले तर वर्ष गेलेले असते.

पाण्याच्या वाटेचा प्रश्न तर प्रयोगशाळेच्या हद्दीबाहेरचाच आहे. शेतात भूजल किती खोल आहे हे पाहण्यासाठी भोके पाडलेला पाईप सहा-सात फूट खोल उभा पुरावा आणि दर पंधरवड्यास दोरी सोडून पाणी मोजावे. एवढ्या साधनावर वर्षभरात जे कळते ते कोणत्याही अहवालात सापडत नाही. त्यानंतर उतार कोणीकडे आहे, ओढा किती दूर आहे, तो गाळाने भरला किंवा नांगरून बुजवला गेला आहे काय, आणि मधल्या शेताचा मालक पाईप जाऊ देईल काय, ही विचारणा येते. शेवटचा प्रश्न मातीविज्ञानाचा नाही, भावकीचा व शेजारधर्माचा आहे. पण त्याचे उत्तर नकारार्थी असेल तर एका एकराच्या निचऱ्याचा प्रयोग सुरूच करू नये; आधी चार-सहा खातेदारांना एकत्र बसवावे. निचऱ्याचे काम बहुधा शिवाराचे असते, एकट्याच्या बांधाआतले नसते.

ही सारी विचारपूस आजच नव्याने सुचली असे नाही. सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नीरा नदीच्या खोऱ्यात हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच उभा राहिला. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खेळू लागले, आणि १९१० मध्ये हॅरोल्ड मॅन व तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर लिहिलेली पत्रिका मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने काढली. कालवा आला, ऊस आला, आणि पाठोपाठ मीठ आले. पुढे १९३२ मध्ये नीरेकाठीच पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली आहे, आणि तेथून बाहेर पडलेले उसाचे वाण सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यांना नावानिशी ठाऊक आहेत. वाणांची कीर्ती झाली. परंतु तेथील एका आरंभीच्या कामाची आठवण फारशी निघत नाही. बसू व शिरूर यांनी नीरा उजवा कालवा आणि प्रवरा कालवा यांच्या लाभक्षेत्रांतील जमिनींची पाहणी करून त्यांचे प्रकार पाडले; ते काम १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. वरची माती चिमटीत धरून न थांबता खड्डे खणून जमिनीचे थर पाहावयाचे, कोणत्या थरात चुनखडी, कोणत्या थरात क्षार, पाणी कोठे अडते हे नोंदवावयाचे आणि मग तिला एका प्रकारात बसवावयाचे, अशी ती पद्धत. ज्यास उसाला किती पाणी व किती खत द्यावे हे सांगावयाचे आहे, त्याने प्रथम जमीन कोणती हे ठरविले पाहिजे. नाहीतर एका जमिनीचा सल्ला दुसऱ्या जमिनीत जातो. कालव्यावरच्या संशोधकांना जे आवश्यक वाटले ते एकरभर रानाच्या प्रयोगकर्त्यास अनावश्यक कसे असेल? त्याने चार खड्डे खणले तरी पुरे.

माहितीचा दुसरा भाग मोजमापाचा. या बाबतीत सातारा जिल्ह्याला अभिमान वाटावा असा माणूस होऊन गेला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये खटाव तालुक्यातील बुध या गावी झाला. इंग्लंडमध्ये संख्याशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते परतले, भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसविली, आणि १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत ते गेले. विनायक गोविंद पानसे यांच्यासमवेत त्यांनी शेती कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ पुढे देशभर वापरात आला. त्यापूर्वी पिकाचा अंदाज नजरेने बांधला जाई. पीक आठ आणे की दहा आणे, हे शेताच्या कडेला उभे राहून ठरे; पुढे आणे जाऊन पैसे आले तरी शब्दाखेरीज फारसे बदलले नाही. या नजरअंदाजातील खरी अडचण नजर कच्ची असण्याची नव्हती. सोळा आणे म्हणजे किती मण, हेच ठरलेले नसे. माण तालुक्यातील बाजरीचे पूर्ण पीक आणि कऱ्हाड तालुक्यातील पूर्ण पीक यांत जमीन-अस्मानाचा फरक असताना दोहोंस एकच शब्द लावला जाई. दुष्काळी सवलत मिळावी की न मिळावी हे ज्या आकड्यावर ठरावयाचे, त्याचा पाया असा शब्दांत तरंगत होता. गाव, शेत व शेतातील तुकडा हे तिन्ही चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाचे आणि त्या तुकड्यातील पीक कापून, मळून, वजन करावयाचे, या पद्धतीने तो पाया जमिनीवर आणला.

सुखात्म्यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट तर प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानी धरण्याजोगी आहे. कापणीसाठी फार लहान तुकडा घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. कारण साधे आहे. दोरीवर आलेले ताट आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की मोजणाऱ्याचा हात बहुधा ते आत ओढतो. एक मीटर लांब व एक मीटर रुंद तुकड्यास एका चौरस मीटरमागे चार मीटर कडा असते. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद तुकड्यास चौरस मीटरमागे अवघी ०.६ मीटर. कडा जितकी अधिक तितकी ओढाताण अधिक. यात कोणाची लबाडी नाही. तुकडा किती मोठा घ्यावा हे आधी न ठरविल्याचे हे फळ आहे. इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ च्या जानेवारीत कलकत्ता येथील परिषदेत या अर्थाचे बोल सुनावले होते की, प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञास बोलावणे म्हणजे त्याच्याकडून शवपरीक्षा करून घेणे होय. प्रयोग कशाने मेला एवढेच तो फार तर सांगू शकेल.

उसाच्या प्रयोगात हा मृत्यू बहुधा वजनकाट्यावर होतो. शेतकरी अर्ध्या रानात जिप्सम टाकतो, अर्धे तसेच ठेवतो; वाढ पाहतो, फुटवे मोजतो. मग कारखान्याची तोडणी टोळी येते, दोन्ही भागांतला ऊस एकाच ट्रॉलीत भरते, आणि काट्यावरून मिळते ती एक चिठ्ठी, एका वजनाची. म्हणून लागणीपूर्वीच विचारावे की, शेवटी वजन कसे करावयाचे आहे. टोळीच्या मुकादमाशी आधी बोलणे शक्य आहे काय? नसेल तर प्रत्येक भागातील ठरावीक सऱ्या खुणेच्या काठ्या रोवून राखाव्यात, तोडणीच्या आदल्या दिवशी त्यांतील गाळपयोग्य ऊस मोजावेत व काही ऊस घरच्या काट्यावर तोलावेत. हे जमणार नसेल तर उत्पन्नाचा प्रयोग करूच नये; वाफसा किती दिवसांत येतो एवढाच प्रश्न धरावा. तोही उपयुक्त प्रश्न आहे आणि त्यास काटा लागत नाही. जिप्समचा भाग कोणता व कोरा भाग कोणता हेदेखील ओढ्याकडची बाजू-वरची बाजू असे सोयीने न ठरविता रानाचे आडवे पट्टे पाडून आलटून पालटून ठरवावे. वरची बाजू मुळातच कोरडी असते. तेथे काहीही टाकले तरी गुण आल्यासारखा दिसतो.

काही माहिती लेखी कोठेच नसते. ती माणसांपाशी असते. रानाचा कोणता कोपरा प्रथम बिघडला, कोणत्या साली, त्याआधी तेथे काय पिकत असे, जुनी विहीर कोठे बुजवली, पूर्वी पाणी कोणत्या वाटेने जाई, हे घरातील वृद्ध सांगू शकतात. भांगलणीस येणाऱ्या बायांना रानातील मऊ-कठीण जागा मालकापेक्षा अधिक ठाऊक असतात. त्यांना विचारण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. विचारताना एक पथ्य पाळावे. 'कालव्याच्या पाण्यानेच बिघडले ना?' असे विचारले की 'होय' हेच उत्तर येते. 'केव्हापासून?' आणि 'आधी कोठे दिसले?' असे विचारावे. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांत कृष्णेला मोठे पूर आले, पाणी कित्येक दिवस शेतात उभे राहिले. त्यानंतरच जमीन बिघडली असे सांगणारे शेतकरी भेटतील, आणि ती आधीच बिघडली होती, पुराने उघडी पडली एवढेच, असे सांगणारेही भेटतील. दोघांच्या शेतांत उपाय एक असेलच असे नाही.

याविरुद्ध एक आक्षेप रास्त आहे. हंगाम थांबत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण झाली नाही तर पूर्वहंगामीची वाट पाहावी लागते. कर्जाचे व्याज मात्र वाट पाहत नाही. पूर्ण माहिती मिळेपर्यंत हात बांधून बसा, असा सल्ला शेतकऱ्यास कोणी देऊ नये, आणि दिला तर तो ऐकणारही नाही. शिवाय काही गोष्टी करून पाहिल्याखेरीज कळतच नाहीत. तेव्हा प्रमाण पाहावे. चार सऱ्यांत धैंचा गाडून पाहण्यास विचारपुशीचा एवढा खटाटोप नको. फसले तर नुकसान चार सऱ्यांचे. पण जेथे कर्ज काढून पाईप घालावयाचे आहेत, किंवा गावातील तीस खातेदार एकाच्या प्रयोगाकडे डोळे लावून बसले आहेत, तेथे दोन महिने माहितीत गेले तरी ते वाया गेले असे नव्हे. कारण अशा प्रयोगाचा निष्कर्ष चुकला तर तो तीस शेतांत जाऊन चुकतो.

सातारा-सांगलीत तर परक्या गावचा निष्कर्ष उचलणे विशेष धोक्याचे आहे. १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता. त्या साली त्याचे उत्तर व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. या जुन्या जिल्ह्यात एका टोकाला महाबळेश्वरी वर्षास साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या भागांत पाचशे मिलिमीटरच्या आसपासच, आणि तोही बेभरवशाचा. पाटणच्या तांबड्या मातीतील यश जतेत कामास येत नाही, हे कोणीही मान्य करील. पण एकाच तालुक्यात नदीकाठची भारी काळी जमीन आणि दोन मैलांवरची मुरमाड माळजमीन यांतही तेवढेच अंतर असू शकते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. शेजारच्या गावचा प्रयोग पाहण्यास जाणाऱ्यांनी पीक पाहण्यापूर्वी एक खड्डा खणून पाहण्याची परवानगी मागावी.

या सर्वांत अतिशय निकडीची अशी एक माहिती आहे, कारण ती लवकरच नाहीशी होणार आहे. कृष्णेचे पाणी उचलून ताकारी, टेंभू व म्हैसाळ या योजनांनी ते खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ, जत अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांकडे नेले. पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिलेल्या गावांत पाट वाहताना पाहून कोणास आनंद होणार नाही? द्राक्ष व डाळिंबाबरोबर तेथे ऊसही पोचला आहे. जेथे निचरा मंद आहे अशा जमिनींत नीरा खोऱ्यात जे घडले, वाळवा-मिरजेत जे घडले, ते येथे घडणारच नाही असे मानण्यास आधार नाही. उद्या पंधरा-वीस वर्षांनी एखाद्या गावात मीठ फुटले आणि कोणी संशोधक विचारू लागला की पाणी येण्यापूर्वी विहिरींची पातळी काय होती, मातीत क्षार किती होते, तर उत्तर कोठून आणावयाचे? त्या दिवशी ती माहिती कितीही पैसा खर्चून मिळणार नाही. आज ती जवळजवळ फुकट मिळते.

ज्या गावांत पाणी नुकतेच आले आहे किंवा यावयाचे आहे, तेथील कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यात गावच्या वरच्या, मधल्या व खालच्या अंगाच्या प्रत्येकी दोन विहिरी निवडाव्यात. मे अखेर व ऑक्टोबर अखेर अशी वर्षातून दोनदा काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी आणि पाण्याचा नमुना वाहकतेसाठी द्यावा. त्याच विहिरींलगतच्या शेतांत तीन फुटांपर्यंत एकेका फुटाचा मातीचा नमुना काढून विनिमयक्षम सोडियमची तपासणी मुद्दाम मागून घ्यावी. मागितल्याशिवाय ती होत नाही. नमुन्याची जागा गट क्रमांकासह, बांधापासूनचे अंतर पावलांनी न लिहिता मीटरमध्ये मोजून, आणि तारीख घालून लिहावी. ही नोंदवही कार्यकर्त्याच्या पिशवीत नव्हे, ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावी, कारण कार्यकर्त्याची बदली होते. वहीच्या पहिल्या पानावर कोणत्या प्रश्नासाठी ही मोजमापे घेतली ते दोन ओळींत लिहिलेले असावे, म्हणजे पुढे येणाऱ्या माणसास त्या आकड्यांचा अर्थ कोणास विचारावा लागणार नाही.